आधी हिशोबपट्टी वाचा, मग फ्रेमवर्क निवडा

मुलांनो, तुमचे अहवाल मी परत करतो आहे. एकही स्वीकारलेला नाही. विषय स्पष्ट दिला होता: व्यवसायासाठी सॉफ्टवेअर बांधायचं असेल तर मुक्त स्रोत वेब फ्रेमवर्कपैकी कोणतं घ्यावं, आणि का. तुम्ही आणून दिलात एक तक्ता. डावीकडे जँगो, रेल्स, लाराव्हेल, स्प्रिंग, एक्सप्रेस. वर वेग, लोकप्रियता, शिकायला सोपं की अवघड, गिटहबवर तारे किती. चौकटींत बरोबरच्या खुणा आणि फुल्या. आणि शेवटी सगळ्यांचं जवळजवळ सारखंच वाक्य: प्रत्येक फ्रेमवर्कचे आपापले फायदे-तोटे आहेत, गरजेनुसार निवड करावी.

गरज कुणाची? अहवालभर शोधली, सापडली नाही. एखादा व्यापारी नाही, गोदाम नाही, पावती नाही. ज्याच्यासाठी सॉफ्टवेअर करायचं तो माणूसच तुमच्या अहवालात नाही. याला मी अभ्यास म्हणत नाही. ही उतरवाउतरवी आहे, आणि उतरवून पदवी मिळाली तरी काम येत नाही.

घोटीच्या बाजारात बैल घ्यायला गेलेला शेतकरी दात बघतो, चालवून बघतो. पण त्याआधी आपली जमीन काळी आहे की मुरमाड, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तुम्ही जमीन न बघताच बैल निवडायला निघालात.

तुम्ही शिकता नाशिकमध्ये. इथून बसने जाऊन संध्याकाळी परत येता येईल इतक्या अंतरावर लासलगाव आहे. तिथली बाजार समिती १९४७ सालची, आणि तिथल्या कांद्याच्या भावाकडे सगळा देश डोळे लावून असतो. पिंपळगाव बसवंत आहे. दिंडोरी तालुक्यात मोहाडीला सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी आहे, तिची द्राक्षं युरोपात जातात. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींत मोठ्या कारखान्यांना सुटे भाग पुरवणारे लघुउद्योग आहेत. मालेगावात यंत्रमाग आहेत. तुमच्यातले कितीतरी जण निफाड, चांदवड, येवला, सिन्नर इथल्या घरांतून आला आहात. तुमच्या घरात पत्र्याच्या पेटीत हिशोबपट्ट्यांचा गठ्ठा पडलेला आहे. आणि अहवालात उदाहरण म्हणून काय घेतलंत? परदेशी हॉटेलचं बुकिंग. वाचनालयाची पुस्तकं. ज्या हॉटेलात तुम्ही कधी गेला नाहीत त्याची खोली कशी आरक्षित होते हे तुम्हाला माहीत आहे; आणि बापाच्या कांद्याचे पैसे कसे कापले गेले, हे माहीत नाही. याचा मला खरा राग आहे.

आता नीट ऐका. एक व्यवहार घेऊ.

शेतकरी ट्रॅक्टरने कांदा आणतो. आवारात नोंद होते. लिलावात भाव पुकारला जातो, क्विंटलमागे. भुईकाट्यावर भरलेल्या गाडीचं वजन होतं, माल उतरल्यावर रिकाम्या गाडीचं. फरक म्हणजे निव्वळ वजन. वजन गुणिले भाव, त्यातून ठरलेल्या कपाती, आणि हातात पट्टी. समजा भाव १,८५१ रुपये आणि वजन २१.३५ क्विंटल. रक्कम ३९,५१८ रुपये ८५ पैसे. एवढंच. पण या एका ओळीत तुमच्या फ्रेमवर्कची सगळी परीक्षा आहे. तुम्ही ती घेतली नाहीत, म्हणून मी घेतो.

पहिला प्रश्न पैशाचा. तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी जावास्क्रिप्टवर चालणारं एक्सप्रेस सुचवलं आणि रक्कम साध्या 'नंबर'मध्ये ठेवली. त्या भाषेतला साधा नंबर द्विमान पद्धतीने साठवलेला अपूर्णांक असतो. तिथे ०.१ आणि ०.२ ची बेरीज करून पाहा. उत्तर ०.३ येत नाही. तीननंतर पंधरा शून्यं आणि शेवटी चार येतो. एका पट्टीत हा फरक दिसणार नाही. महिन्याच्या बेरजेत दिसेल, आणि त्या दिवशी मुनीम रात्री उशिरापर्यंत बसून पैशाचा फरक शोधेल. जँगोमध्ये रकमेसाठी दशांश फील्ड आहे. रेल्समध्ये दशांश कॉलम घेतला की रुबीची नेमकी दशांश संख्या मिळते. जावात बिगडेसिमल आहे, त्यामुळे स्प्रिंगमध्ये ही सोय भाषेतूनच येते. लाराव्हेलमध्ये डेटाबेसचा कॉलम दशांश ठेवता येतो, पण गणित पीएचपीत साध्या अपूर्णांकाने केलंत तर पुन्हा तोच घोटाळा. तिथे बीसीमॅथ वापरावं लागतं. एक्सप्रेसमध्ये वेगळी लायब्ररी आणावी लागते, किंवा सगळी रक्कम पूर्णांक पैशांत ठेवावी लागते. तुमच्या तक्त्यात 'वेग' होता. 'बेरीज बरोबर येते का' हा रकाना का नव्हता?

आणि त्या वेगाचंही बोलू. एका सेकंदाला लाखो विनंत्या झेलणाऱ्या फ्रेमवर्कचे आलेख तुम्ही छापलेत. बाजार समितीत गर्दीच्या दिवशीसुद्धा वाहनं हजारांत मोजतात. एवढं काम यांतलं कोणतंही फ्रेमवर्क साध्या सर्व्हरवर आरामात करेल. प्रत्यक्षात सॉफ्टवेअर रेंगाळतं ते वेगळ्या कारणाने. पाचशे पट्ट्यांची यादी दाखवताना तुम्ही प्रत्येक पट्टीच्या शेतकऱ्याचं नाव डेटाबेसला स्वतंत्रपणे विचारता, म्हणजे एका पानासाठी पाचशे फेऱ्या. जँगोत सिलेक्ट-रिलेटेड आहे, रेल्समध्ये इन्क्लूड्स आहे, लाराव्हेलमध्ये विथ आहे. तिन्ही हेच काम करतात, सगळी नावं एकदम आणतात. हे एकाही अहवालात नाही. दोष तुमच्या हातात असताना आलेख फ्रेमवर्कचा काढलात.

दुसरा प्रश्न खोडाखोडीचा. वजन चुकीचं टाकलं गेलं. काटेवाल्याने २१.३५ ऐवजी १२.३५ लिहिलं. दुरुस्ती कशी कराल? तुमच्या प्रकल्पांत 'एडिट' आणि 'डिलीट' अशी दोन बटणं आहेत, जो येईल त्याने दाबावीत. हिशोबाच्या वहीत असं चालत नाही. चुकीची नोंद रद्द होते, पुसली जात नाही. नवी नोंद जुनीचा उल्लेख करून होते. कधी, कुणी, काय बदललं, हे राहिलं पाहिजे. हा माझा हट्ट नव्हे, कायदा आहे. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांच्या हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक बदलाची नोंद ठेवणारी सोय असलीच पाहिजे आणि ती बंद करता येता कामा नये. शेतकरी उत्पादक कंपनीसुद्धा कंपनीच असते. तुम्ही ज्या गटांसाठी पुढे काम करणार, त्यांना हा नियम लागू आहे.

इथे फ्रेमवर्कमधला फरक खरा उघडा पडतो. मुंबईत तयार झालेलं फ्रॅपे हे फ्रेमवर्क घ्या. त्यात दस्तऐवजाच्या तीन अवस्था मुळातच आहेत: कच्चा, पक्का, रद्द. पक्का झालेला दस्तऐवज पुसता येत नाही. तो रद्द करायचा आणि सुधारित प्रत काढायची. तिला जुन्याच क्रमांकापुढे नवा अंक लागतो. मुनीम वहीत जे करतो ते फ्रेमवर्कच्या पायात घातलेलं आहे. जँगोच्या अ‍ॅडमिनमध्ये बदलांची नोंद होते, पण फक्त अ‍ॅडमिनमधून केलेल्या बदलांची; तुमच्या स्वतःच्या पानांतून किंवा एपीआयमधून झालेला बदल तिथे उमटत नाही, त्यासाठी वेगळं पॅकेज बसवावं लागतं. रेल्समध्येही त्यासाठी वेगळं जेम घ्यावं लागतं, आणि स्प्रिंगच्या जोडीला हायबरनेट एन्व्हर्स आहे. एक्सप्रेसमध्ये काहीच नाही. सगळं तुम्ही लिहायचं आणि सगळ्याचं उत्तर तुम्ही द्यायचं. हा तुमच्या तुलनेचा मधला खांब असायला हवा होता. तुमच्या अहवालात फ्रॅपेचं नावसुद्धा नाही. आपल्याच राज्यात बांधलेलं, एमआयटी परवान्याखाली सगळ्यांना खुलं असलेलं, खास व्यवसायाच्या कामासाठी घडवलेलं फ्रेमवर्क तुम्हाला ठाऊक नाही. ताऱ्यांच्या यादीत ते वर नव्हतं, म्हणून तुमच्या नजरेत आलं नाही.

याच्याच जोडीला अधिकारांचा प्रश्न. काटेवाल्याने वजन लिहावं, भाव बदलू नये. मुनिमाने पट्टी काढावी, वजन बदलू नये. मालकाने सगळं पाहावं. जँगोमध्ये वापरकर्ते, गट आणि परवानग्या घरातच येतात. फ्रॅपेमध्ये भूमिकेनुसार परवानगी पडद्यावरूनच ठरवता येते. स्प्रिंग सिक्युरिटी ताकदीची आहे, पण शिकायला महिने घेते. लाराव्हेलमध्ये गेट्स आणि पॉलिसीज आहेत. तुमच्या प्रकल्पांत मात्र लॉगिन झालेला प्रत्येक माणूस सगळं बदलू शकतो, आणि तुम्ही त्याला 'सुरक्षित प्रणाली' म्हणता. लॉगिनचं पान म्हणजे सुरक्षा नव्हे.

तिसरा प्रश्न नियमांचा. तुम्ही कपातीची टक्केवारी थेट कोडमध्ये लिहून ठेवलीत. नाशिकमध्ये राहून हे करता, याचं आश्चर्य वाटतं. २०२४ च्या एप्रिलमध्ये हमाली, तोलाई, वाराईच्या कपातीच्या वादावरून जिल्ह्यातले कांद्याचे लिलाव बंद पडले होते. कोणती कपात कुणाकडून करायची, हाच वाद होता. निर्यातीचं पाहा. ऑगस्ट २०२३ मध्ये कांदा निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं. त्याच डिसेंबरमध्ये थेट बंदी आली. मे २०२४ मध्ये बंदी उठली, पण टनाला किमान ५५० डॉलरची अट आली आणि शुल्क ४० टक्केच राहिलं. सप्टेंबर २०२४ मध्ये किमान भावाची अट गेली, शुल्क २० टक्के झालं. १ एप्रिल २०२५ ला तेही गेलं. दोन वर्षांच्या आत इतक्या वेळा नियम फिरला. प्रत्येक वेळी तुम्ही कोड उघडून आकडा बदलणार, आणि मग जुनी बिलं नव्या दराने दाखवणार? दर हा डेटा आहे. त्याला 'अमुक तारखेपासून' अशी नोंद लागते, म्हणजे जुन्या तारखेचं बिल जुन्याच दराने उघडतं. म्हणून फ्रेमवर्कला विचारायचं ते हे: नियम बदलला तर प्रोग्रामर न बोलावता मुनीम तो बदलू शकतो का? जँगोचं अ‍ॅडमिन इथे मोठं काम करतं. फ्रॅपेमध्ये नवा फॉर्म आणि नवं फील्ड पडद्यावरूनच तयार होतं. बाकी ठिकाणी ही पानं तुम्हाला बांधावी लागतील, आणि तो खर्च अहवालात मांडावा लागेल.

चौथा प्रश्न नात्यांचा, म्हणजे डेटामधल्या नात्यांचा. द्राक्षाकडे या. निर्यातीच्या द्राक्षाची बाग आधी नोंदवावी लागते. अपेडा या शेतमाल निर्यात प्राधिकरणाच्या ग्रेपनेट या व्यवस्थेत बागेपासून खोक्यापर्यंतचा माग राहतो. २०१० साली क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशामुळे युरोपात भारतीय द्राक्षं अडकली होती. तेव्हा इथल्या बागायतदारांनी काय सोसलं ते घरी विचारा. खोक्यात दोष निघाला तर ते कोणत्या बागेतलं, कोणत्या दिवशी तोडलेलं, कोणती फवारणी झालेली, हे मिनिटांत सांगता आलं पाहिजे. एका पॅलेटवर अनेक बागांची खोकी, एका बागेची खोकी अनेक पॅलेटवर. ही नाती आहेत, आणि नाती जपायला रिलेशनल डेटाबेस लागतो, म्हणजे पोस्टग्रेस किंवा मारियाडीबी. परकी किल्ली, म्हणजे फॉरेन की, असली की नसलेल्या बागेच्या नावावर खोकं चढत नाही. तुम्ही मात्र मर्न स्टॅक घेतलात आणि सगळं मोंगोडीबीत टाकलंत. कारण विचारलं तर म्हणालात, 'सर, नोकरीसाठी हेच मागतात.' तुमची नोकरी हा शेतकऱ्याच्या डेटाचा निकष नव्हे.

आणि आणखी एक. अहवालाच्या मुखपृष्ठावर तुम्ही ठळक अक्षरांत 'मुक्त स्रोत' लिहिलं आहे. मोंगोडीबीने ऑक्टोबर २०१८ मध्ये परवाना बदलला. नव्या परवान्याला ओपन सोर्स इनिशिएटिव्हने मुक्त स्रोत म्हणून मान्यता दिलेली नाही. म्हणजे तुमच्या मर्न स्टॅकचं पहिलंच अक्षर, मोंगोडीबीचं, तुमच्या शीर्षकात बसत नाही. परवाना कुणी वाचलाच नाही. परवाना वाचणं हे वकिलाचं काम, असं समजू नका. जँगो बीएसडी परवान्याखाली आहे, रेल्स, लाराव्हेल आणि फ्रॅपे एमआयटी, स्प्रिंग अपाचे परवान्याखाली. फ्रॅपेवर बांधलेलं ईआरपीनेक्स्ट हे तयार व्यवसाय-सॉफ्टवेअर जीपीएल तीनखाली आहे. ते बदलून दुसऱ्याला दिलंत तर बदललेला स्रोतही द्यावा लागतो. ओडू या तशाच सॉफ्टवेअरची कम्युनिटी आवृत्ती एलजीपीएलखाली आहे, पण एंटरप्राइज आवृत्ती विकत घ्यावी लागते, आणि पूर्ण हिशोबाची सोय त्या विकतच्या आवृत्तीत आहे. 'ओडू फुकट आहे' असं लिहून तुम्ही एखाद्या लघुउद्योजकाला अडकवलं असतं. अंबडमधला तो माणूस तुमच्या एका ओळीवर विश्वास ठेवून पैसे घालेल. त्याची जबाबदारी तुमच्यावर आहे.

पाचवा प्रश्न आयुष्याचा. कंपनी कायद्याप्रमाणे हिशोबाची पुस्तकं आठ आर्थिक वर्षं जपावी लागतात. तुम्ही निवडलेलं फ्रेमवर्क आठ वर्षं जगेल का? लाराव्हेलच्या एका आवृत्तीला सुरक्षेच्या दुरुस्त्या दोन वर्षं मिळतात. जँगोच्या दीर्घकालीन आवृत्तीला तीन वर्षं. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या ४.२ ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतच होती. याचा अर्थ आठ वर्षांत निदान दोन-तीनदा वरच्या आवृत्तीवर जावं लागणार. ते सोपं की जिकिरीचं, हा खरा निकष. अँग्युलरजेएसवर ज्यांनी कंपन्यांची कामं उभी केली त्यांना विचारा. २०१६ मध्ये गुगलने नवं अँग्युलर आणलं ते जुन्याशी जुळणारं नव्हतं, आणि २०२१ च्या डिसेंबरअखेर जुन्याचा आधार संपला. ज्यांनी वाट पाहिली त्यांना सगळं नव्याने लिहावं लागलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये स्प्रिंग बूट ३ आलं, तेव्हा जावा १७ सक्तीचं झालं आणि जुनी पॅकेजची नावं सगळीकडे बदलावी लागली. तुमच्या अहवालात 'आवृत्ती बदल' हा शब्द एकदाही नाही.

दुरुस्ती बसवली नाही की काय होतं, तेही ऐका. अमेरिकेत एक्विफॅक्स ही लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणारी कंपनी. तिचं एक पोर्टल अपाचे स्ट्रट्स या मुक्त स्रोत फ्रेमवर्कवर होतं. स्ट्रट्समधल्या एका भगदाडाची दुरुस्ती ७ मार्च २०१७ ला जाहीर झाली. कंपनीने ती त्या पोर्टलवर बसवली नाही. मे महिन्यात चोर आत शिरले, जुलैअखेरीस कळलं, आणि सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली. स्ट्रट्सच्या लोकांनी त्यांचं काम वेळेत केलं होतं. मुक्त स्रोताचा अर्थ असा की दुरुस्ती मिळते. ती बसवण्याचं काम तुमचं. म्हणून तुलनेत लिहा की नाशिकमध्ये हे फ्रेमवर्क जाणणारी माणसं कोण आहेत, तुम्ही पुण्याला किंवा बंगळुरूला गेलात की दुरुस्त्या कोण बसवणार. लाराव्हेल साध्या होस्टिंगवर चालतं आणि पीएचपी जाणणारं कुणीतरी तालुक्याच्या गावातही मिळतं. लहान व्यापाऱ्यासाठी ही बाजू वजनदार आहे. ती तुम्ही 'जुनी भाषा' म्हणून एका फुलीत उडवलीत.

सहावा प्रश्न भाषेचा, आणि इथे मला जास्त वाईट वाटलं. सगळे पडदे इंग्रजीत. काट्यावरचा माणूस मराठी वाचतो. जँगोच्या भाषांच्या यादीत मराठी आहे. आकड्यांची गटवारी तीन आणि मग दोन-दोन अशी, म्हणजे १,००,००० अशी, जँगोत ठरवता येते आणि फ्रॅपेतही येते. तुमच्या पडद्यांवर लाखाचा स्वल्पविराम अमेरिकन पद्धतीने पडतो आणि बघणारा रक्कम चुकीची वाचतो. त्याहून अवघड गोष्ट सांगतो. कुऱ्हाडे, गोऱ्हे, बोऱ्हाडे या आडनावांतलं जोडाक्षर संगणकावर दोन वेगळ्या क्रमांनी टाइप होतं. डोळ्याला दोन्ही सारखी दिसतात. साध्या तुलनेत संगणकाला ती वेगळी नावं वाटतात. एका क्रमाने नोंदवलेला शेतकरी दुसऱ्या क्रमाने शोधला तर सापडणार नाही, मग त्याच्याच नावाचं दुसरं खातं उघडेल आणि त्याची बाकी दोन ठिकाणी विभागली जाईल. हे काम कोणतंही फ्रेमवर्क तुमच्यासाठी करत नाही. नाव साठवण्याआधी ते एका ठरलेल्या रूपात आणणं तुम्हालाच लिहावं लागेल. परदेशातला माणूस हे लिहिणार नाही, कारण त्याला ही आडनावं माहीत नाहीत. तुम्हाला माहीत आहेत. वर्गातल्या हजेरीपटात ती रोज पुकारली जातात.

आता या फ्रेमवर्कांचा जन्म कसा झाला ते पाहा. जँगो अमेरिकेतल्या कॅन्ससमधल्या लॉरेन्स या गावी, एका स्थानिक वर्तमानपत्राच्या कचेरीत घडलं. बातम्या रोज लावायच्या, मुदत तासांत, म्हणून संपादकांना स्वतः वापरता येईल असं अ‍ॅडमिन आलं. २००५ मध्ये ते सगळ्यांना खुलं झालं. रेल्स हे डेव्हिड हाइनमायर हॅन्सन यांनी बेसकॅम्प या कामाच्या नियोजनाच्या सॉफ्टवेअरमधून बाहेर काढलं, २००४ मध्ये. ओडूची सुरुवात बेल्जियममध्ये फाबियाँ पिंकार्स यांनी २००५ मध्ये टायनीईआरपी नावाने केली. फ्रॅपेचे रुषभ मेहता मुंबईचे. घरच्या फर्निचरच्या व्यवसायाला योग्य सॉफ्टवेअर मिळेना, त्या अडचणीतून ईआरपीनेक्स्ट उभं राहिलं, आणि त्याच्या पोटातून फ्रॅपे वेगळं झालं. यांतल्या एकानेही आधी तक्ता काढला नाही. आधी काम होतं, कामाची अडचण होती, रोज येऊन विचारणारी माणसं होती. फ्रेमवर्क नंतर आलं. तुम्हाला ते काम टाळून नुसतं फ्रेमवर्क हवं आहे.

मग निवड करायची कशी? मी माझं मत सांगतो, आणि ते तपासून बघायची जबाबदारी तुमची. खरेदी, विक्री, साठा, हिशोब असं सर्वसाधारण काम असेल, तर शून्यातून लिहायला बसू नका. ईआरपीनेक्स्ट किंवा ओडू घ्या आणि त्यावर आपली भर घाला. मात्र त्यांच्या साच्यात राहायची तयारी ठेवा. मूळ कोडमध्ये हात घालून बदल केलेत तर पुढच्या आवृत्तीला ते सगळे मोडतील. काम वेगळ्या धाटणीचं असेल, बागेपासून खोक्यापर्यंतच्या मागासारखं, तर जँगो घ्या; डेटाची रचना तुमची, आणि अ‍ॅडमिन, परवानग्या, डेटाबेसची स्थलांतरं (मायग्रेशन) हाताशी तयार. लहान दुकान आणि गावातलाच सांभाळणारा असेल तर लाराव्हेल. मोठी संस्था, जावाची स्वतःची फळी, बँकेसारखा व्यवहार असेल तर स्प्रिंग. रेल्स चांगलं आहे, पण आसपास रुबी जाणणारी माणसं मिळतात का ते आधी बघा. एक्सप्रेस घ्यायचंच असेल तर त्याच्यावर जे जे तुम्हाला स्वतः बांधावं लागेल त्याची पूर्ण यादी आणि वेळ आधी लिहा. ती यादी पाहून तुमचं मत बदललं तर तो तुमचा पहिला खरा अभ्यास असेल.

तुम्ही म्हणाल, अभ्यासक्रमात एवढं मागितलेलं नाही. अभ्यासक्रम किमान सांगतो. किमान काम करून बाहेर पडलेल्या इंजिनिअरचं सॉफ्टवेअर मोडतं, तेव्हा त्याला गुण देणारा परीक्षक तिथे नसतो. तिथे दिवसभर उन्हात उभा राहिलेला शेतकरी असतो, पट्टी मिळेपर्यंत गाडी सोडता न येणारा. मी रागावतो ते याच कारणाने. तुमच्यात अक्कल कमी असती तर एवढं लिहिलं नसतं. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी रात्र-रात्र जागून कोड चालवलेला मी पाहिला आहे. ती मेहनत चुकीच्या जागी खर्च होते आहे.

तेव्हा पंधरा दिवसांची मुदत. प्रत्येक गटाने एक धंदा निवडा, याच जिल्ह्यातला. बाजार समितीत जा, पॅकहाउसमध्ये जा, अंबडच्या कारखान्याच्या स्टोअरमध्ये जा, मालेगावच्या मागवाल्याकडे जा. दिवसभर गप्प उभे राहा आणि एक व्यवहार सुरुवातीपासून शेवटपर्यंत कागदावर उतरवा. मुनिमाला विचारा, चूक झाली तर तुम्ही काय करता, आणि त्याचं उत्तर शब्दशः लिहा. मग दोन फ्रेमवर्क घ्या, पाच नकोत, आणि तोच एक व्यवहार दोन्हींत बांधा. बेरीज, रद्द नोंद, परवानगी, बदललेला दर, मराठी नाव, वरची आवृत्ती: सहाही ठिकाणी काय झालं, किती वेळ लागला, कुठे अडलं, ते लिहा. आलेख नकोत. तारे नकोत. फ्रेमवर्कचं नाव शेवटच्या पानावर टाका. पहिल्या पानावर त्या धंद्याचं काम असलं पाहिजे. असा अहवाल आणलात तर मी तो ओळीने ओळ वाचीन. त्याहून कमी असेल तर आणू नका.